पगार तोच, भाडे तेच, कर मात्र शहरागणिक वेगळा

1,67,700 रुपये, 1,39,620 रुपये आणि 1,50,800 रुपये. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये एकाच पगारावर निघणारे हे तीन कर, उपकर धरून. पहिला बेंगळुरूत जुन्या करप्रणालीने, दुसरा मुंबईत जुन्याच प्रणालीने, तिसरा नव्या प्रणालीने. तो दोन्ही शहरांत सारखाच.

हिशेब असा. वार्षिक पगार 18 लाख, त्यात मूळ वेतन 9 लाख आणि घरभाडे भत्ता साडेचार लाख. घराचे भाडे महिना 45,000, म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार. जुन्या प्रणालीत तीन रकमांपैकी सर्वांत लहान तेवढीच करमुक्त होते. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता: साडेचार लाख. भाड्यातून मूळ वेतनाचे 10 टक्के वजा जाता: तेही साडेचार लाख. तिसरी रक्कम म्हणजे मूळ वेतनाचा ठरावीक हिस्सा, आणि खरी गोम तिथेच आहे.

1962 च्या प्राप्तिकर नियमावलीत हा हिस्सा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना 50 टक्के, बाकी सगळ्यांना 40 टक्के होता. 2011 च्या जनगणनेत बेंगळुरू महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे 84 लाख होती, कोलकाता महापालिकेची सुमारे 45 लाख. तरीही बेंगळुरू ‘बाकी’त होते, आणि पुणेही. त्यामुळे मुंबईत साडेचार लाख करमुक्त, बेंगळुरूत 3 लाख 60 हजारच. उरलेल्या 90 हजारांवर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 28,080 रुपयांचा फरक.

इतर वजावटी दोघांना सारख्याच: प्रमाणित वजावट 50,000, कलम 80सी खाली दीड लाख, आरोग्य विम्याचे 25,000, एनपीएसचे जादा 50,000 आणि व्यवसाय कर 2,500. नव्या प्रणालीत यांतले काहीच नाही. 75,000 ची प्रमाणित वजावट तेवढी मिळते, पण कराचे टप्पे सौम्य आहेत. निकाल असा, की मुंबईकराचे जुन्या प्रणालीत 11,180 रुपये वाचतात, तर बेंगळुरूकराला तीच प्रणाली 16,900 रुपयांनी महाग पडते.

काही न कळवल्यास कंपनी नव्या प्रणालीनेच कर कापते. नोकरदाराला विवरणपत्र भरताना निवड बदलता येते, मात्र ते मुदतीत भरले तरच. जुनी प्रणाली घेणार असाल तर भाडेकरार, भाडे दिल्याच्या बँक नोंदी आणि वर्षाचे भाडे लाखावर असल्यास घरमालकाचा पॅन हाताशी ठेवा.

देशभरातील विवरणपत्रे 2009 मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूच्याच केंद्रात तपासली जातात. तिथून कलम 143(1) ची सूचना आली म्हणजे छापा पडला असे नव्हे. तुमचा हिशेब आणि विभागाचा हिशेब त्यात शेजारी-शेजारी दिलेला असतो. दावा कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर ऑनलाइन उत्तराला 30 दिवस असतात. मुदत हुकली, तर प्रस्तावाप्रमाणे कर आकारला जाऊ शकतो.

तेव्हा मुंबईच्या मित्राला जुनी प्रणाली फळली म्हणून तीच निवडू नका. आपले मूळ वेतन, भाडे आणि शहर कागदावर मांडा, दोन्ही बेरजा करा आणि मगच ठरवा.