सोलापूरच्या उन्हात रास्पबेरी पाय

रास्पबेरी पाय ४ मधूनच बंद पडून पुन्हा चालू होतोय? आधी चार्जर बघा. या बोर्डाला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. मोबाईलचा चार्जर ६५ वॉटचा असला तरी ५ व्होल्टला किती अँपिअर देतो, ते त्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेवढंच वाचायचं. केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं. ते दिसलं की बाकी सगळं सोडा, केबल बदला.

स्क्रीनला मायक्रो एचडीएमआय केबल लागते, मिनी नव्हे. दुकानात हे ठासून सांगा. ती पॉवरच्या शेजारच्या पोर्टात लावायची.

स्क्रीन नसली तरी अडत नाही. ‘रास्पबेरी पाय इमेजर’ या प्रोग्रॅममधून एसडी कार्ड तयार करतानाच युजरनेम, पासवर्ड, वायफाय भरा, देश भारत निवडा, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पाय चालवायची सोय) चालू करा. २०२२ पासून ‘पाय’ नावाचा तयार युजर मिळत नाही, म्हणून जुन्या व्हिडिओतला पासवर्ड चालणार नाही.

आता आपल्या गावचं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि प्रोसेसर ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. हीटसिंक आणि छोटा पंखा हवाच. लाईट अचानक गेली की एसडी कार्डवरचा डेटा बिघडू शकतो. चोवीस तास चालवणार असाल तर छोटा यूपीएस घ्याच. आणि पाय ५ घेणाऱ्यांनो, त्याला ५ अँपिअरचा चार्जर लागतो.