आजीसाठी टीव्ही घेताना: आधी प्रश्न नीट मांडा

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की सगळ्यात अवघड जातो तो प्रॉब्लेम स्टेटमेंटचा परिच्छेद. यंत्र कुठलं, सॉफ्टवेअर कुठलं, हे आपल्याला भराभर सुचतं. प्रश्न काय आहे, ते मात्र दोन ओळींत लिहिता येत नाही. माझंही तेच व्हायचं. यंदा दिवाळीत घरी खांडबाऱ्याला गेलो आणि हे पुन्हा शिकलो, तेही टीव्हीमुळे.

आजीचं वय ७८. तिच्याकडे पिक्चर ट्यूबचा २१ इंची जुना टीव्ही आणि फ्री डिश. "आजीचं आता टीव्हीत लक्ष लागत नाही, मध्येच उठून जाते," असं घरात सगळे म्हणत होते. काकांचं निदान: चित्र दिसत नसेल. काकूंना वेगळीच भीती, विसरायला लागली की काय! उपाय मात्र आधीच ठरलेला होता. नंदुरबारला जायचं आणि ४३ इंची ४के आणायचा. म्हणजे काय तर, प्रश्न न मांडताच उपकरणाची ऑर्डर!

मी टेप काढली. आजीची खुर्ची ते टीव्ही नऊ फूट, साधारण २.७ मीटर. आता थोडं गणित करू. निरोगी डोळा (६/६) साधारण एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखतो. २.७ मीटरवर हे अंतर येतं सुमारे ०.८ मिलिमीटर. ३२ इंची फुल एचडीचा ठिपका साधारण ०.३७ मिमीचा, ४३ इंची ४केचा ०.२५ मिमीचा. दोन्ही ०.८च्या आत. म्हणजे त्या खुर्चीतून हा फरक माझ्याही डोळ्याला दिसणार नाही. शिवाय आजीच्या वाहिन्या एसडीत येतात, ५७६ रेषांच्या. टीव्ही ४के असला तरी नसलेला तपशील तो कुठून आणणार?

इंचांचंही तसंच. इंच म्हणजे कर्ण, उंची नव्हे. जुन्या ४:३ आकाराच्या २१ इंचीची उंची साधारण ३२ सेंमी, नव्या १६:९ आकाराच्या २४ इंचीची मात्र ३० सेंमीच. आकडा वाढला, पण पडदा बुटका झाला. तुमच्या विषयातही असं एखादं माप असेल, सगळे वापरतात म्हणून आपणही वापरतो ते. ते नेमकं काय मोजतं, हे एकदा तपासा.

मग आजीला बातम्यांची खालची पट्टी वाचायला सांगितली. तिने घडाघडा वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, नजर ठीक आहे. मग ती उठून का जाते?

एका संध्याकाळी वही घेऊन शेजारी बसलो. तासाभराच्या मालिकेत तिने ११ वेळा विचारलं, "काय बोलली ती?" त्यातले ९ प्रश्न मागे संगीत वाजत असताना. बातम्यांच्या अर्ध्या तासात फक्त दोनदा. इथे मला धागा सापडला. वयानुसार आधी जाते ती उच्च वारंवारतेची श्रवणशक्ती. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा ध्वनी वरच्या पट्टीत आणि क्षीण असतो. ताप, साप, काप... 'आप' पोहोचतं, पहिलं अक्षर हरवतं. व्हॉल्यूम वाढवला की संगीतही वाढतं, शब्द तसेच धूसर राहतात. ऐकू येतं पण कळत नाही, आणि घरच्यांना वाटतं म्हातारीचं लक्ष नाही.

गंमत पुढे आहे. पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते, म्हणून तो बऱ्याचदा खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. म्हणजे काकांचा महागडा ४के आणला असता, तर आजीचा खरा त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीजवळ, कानाच्या उंचीवर, वायरचा छोटा स्पीकर ठेवला. तीच मालिका, पुढचा भाग. प्रश्न आले ४. मी खूश! पण थांबा, हा पुरावा नाही. भाग वेगळा होता, आणि मी मोजतोय हे आजीला कळलं होतं. "तू लिहितोस म्हणून मी गप्प बसले," असं ती नंतर म्हणालीसुद्धा. निरीक्षणामुळेच वागणं बदलतं, ते असं. मग पुढचे सहा दिवस नाणेफेक करून स्पीकर कधी लावला, कधी नाही, आणि मोजायचं काम काकूंकडे दिलं, गुपचूप. स्पीकर असलेल्या प्रत्येक दिवशी प्रश्न कमी आले. सहाच दिवस, एकच व्यक्ती. याच्यावर पेपर निघणार नाही, पण टीव्ही ठरवता येतो.

शेवटी घेतला ३२ इंची. दुकानात मी चित्राकडे फार पाहिलं नाही. तिथे सगळे टीव्ही भडक डेमो मोडवर असतात. मागची भोकं पाहिली: ऑडिओ आउटपुट आहे का, जुन्या सेट टॉप बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर लागते का. एक बघून घ्या, काही टीव्हींत हेडफोनची पिन लावली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, मग बाकीचे काय ऐकणार? ब्लूटूथ टाळलं, कारण बऱ्याचदा ओठ आणि आवाज जुळत नाहीत. रिमोटवर आकडे हवेत ही आजीची स्वतःची अट. ती मी यादीत लिहिलीच नव्हती.

वहीत एक रकाना अजून रिकामा आहे, श्रवणचाचणीचा. खरं तर तो पहिला असायला हवा होता. सोमवारी सकाळच्या गाडीने काकू तिला नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहेत.