भाकरीशेजारची पाथरी

तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला किंवा अगदी दिल्लीला, पाथरी तुमच्या घरापासून फार लांब नसणार. शेताचा बांध, पडीक जागा, बागेतली हिरवळ, कुठेही ती जमिनीला चिकटून बसलेली असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही रानभाजी म्हणून आवडीने खाल्ली जाते. शहरात आलेल्या आपल्यासारख्यांना मात्र ती रोज समोर असूनही ओळखता येत नाही.

आधी ओळख करून घेऊ. पथारी पसरावी तशी पानं मुळाभोवती गोल पसरलेली असतात. पान लांबट, देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद आणि कडेने वेडंवाकडं कातरलेलं असतं. कडेला हात लावून पाहा. बारीक पांढरे दाते लागतील, पण टोचणार नाहीत. पान मोडलं की पांढरा चीक येतो. मधून जवळजवळ बिनपानांचे दांडे वर येतात आणि त्यांवर पिवळी फुलं लागतात. फुलं बघायची तर सकाळी बघा, कारण ऊन चढलं की ती मिटतात.

फूल म्हणतो खरं, पण तो अख्खा गुच्छ असतो. त्यातली एक ‘पाकळी’ अलगद उपटून पाहा. तिच्या टोकाला पाच इवले दाते दिसतील. म्हणजे पाच पाकळ्या जोडून झालेलं ते एक संपूर्ण फूल! सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई ही सगळी याच कुळातली. घरात मुलं असतील तर भिंग घेऊन हा खेळ जरूर करा. फुलं वाळली की पांढऱ्या मऊ केसांच्या ‘म्हाताऱ्या’ बिया घेऊन उडतात. पाथरी एवढी सगळीकडे पोहोचते ती त्यांच्यामुळेच.

हिचं खरं बळ मात्र जमिनीखाली आहे. मूळ सरळ खोल जातं. वरची माती तापून कोरडी झाली तरी खालची ओल त्याला मिळते. पानं वाळली, गुरांनी खाल्ली किंवा विळ्याने कापली, तरी मुळातून पुन्हा फुटवे येतात. मध्य आशियापासून आपल्या देशापर्यंतच्या कोरड्या मुलखात ती टिकून आहे ती अशी. तिचं आजचं शास्त्रीय नाव, लॉनिया प्रोकम्बेन्स, १९६९मध्ये रामय्या आणि राजगोपाल या आपल्याच दोन वनस्पतितज्ज्ञांनी रूढ केलं. हिंदीत तिला जंगली गोभी म्हणतात. काही कोशकारांच्या मते ‘गोभी’ हा शब्द ‘गोजिव्हा’, म्हणजे गाईची जीभ, यावरून आला. तसं असेल तर फ्लॉवरने हे नाव एखाद्या रानपाल्याकडूनच उसनं घेतलं म्हणायचं!

करायला अगदी सोपी. कोवळी पानं निवडा, दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि बारीक चिरा. त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल घाला. सोबत ज्वारीची गरम भाकरी हवीच. चव किंचित कडवट असते. ती नकोशी वाटली तर भिजवलेली मुगाची डाळ घालून लसणाच्या फोडणीवर परता. फुलं यायच्या आधीची पानं घेतली तर कडूपणा कमी लागतो.

शेतात खुरपणी करणाऱ्या बायका काम करता करता पाथरी वेगळी काढत आणि संध्याकाळी ओट्यातून घरी नेत. दिवसाची मजुरी आणि रात्रीचं कोरड्यास, दोन्ही एकाच बांधावर मिळे. आता मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून तणनाशक फवारलं जातं. टू-फोर-डीसारखं औषध ज्वारी-गव्हासारख्या पिकाला राखून रुंद पानांच्या झाडांना मारतं. पाथरी नेमकी रुंद पानांची. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा हिशेब खरा आहे. पण खुरप्याला तण आणि भाजी यांतला फरक कळत होता, फवारणीच्या पंपाला तो कळत नाही. ग्लायफोसेट तर हिरवं दिसेल ते सगळंच मारतं. त्याचा वापर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरताच ठेवला, पण तेवढ्याने खुरपणारे हात परत येत नाहीत.

याच कारणाने तुम्हीही जपून खुडा. फवारलेल्या शेताच्या बांधावरची, नाल्याकाठची, वर्दळीच्या रस्त्याकडेची पाथरी घेऊ नका. पहिल्यांदा खाणार असाल तर ओळखणाऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या. पिवळं फूल आणि पांढरा चीक एवढ्या खुणा पुरेशा नाहीत, त्या इतरही झाडांत सापडतात. गावाकडून आलेल्या आजी, मावशी किंवा भाजीवाल्या बाई एका नजरेत सांगतील.

जागा असेल तर एक कुंडी ठेवा. म्हाताऱ्या उडायच्या आधी एखादं वाळलेलं फूल आणून कुस्करा, बिया मातीवर भुरभुरा आणि वर अगदी पातळ मातीचा थर द्या. कुंडी खोल हवी, मूळ खाली जायला जागा मागतं. पानं काढताना बाहेरची तेवढी खुडा, मधला कोंब राहू द्या. पुढच्या भाजीची पानं तिथूनच येतात.