पटाशीला धार लावताना
मुरुम, उमरगा भागात औतांना बाभळीचं लाकूड लागतं आणि त्यापुढे पटाशी लवकर बोथट होते. बहुतेक जण लगेच तिचा उतार घासायला घेतात. सुरुवात मात्र पाठीपासून करावी. तोंडाजवळची पाठ कुरुंदाच्या दगडावर सपाट टेकवून, गंजाचे खड्डे जाईपर्यंत घासायची. ती खडबडीत राहिली तर उतार कितीही चकचकीत करा, धार येत नाही. मग उतार २५ ते ३० अंशांत धरून, पाणी घालत, पाठीकडे बोटाला बारीक कड जाणवेपर्यंत घासायचा. बाभळीसाठी ३०च बरे, धार टिकते. ती कड पाठ पुन्हा टेकवून हलकेच काढायची, शेवटी चामड्यावर ओढायची. विजेच्या चाकावर वेळ वाचतो खरा, पण पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलंच.