वादळाची रेघ आणि शहराची रेघ

११ मे १९७० च्या रात्री साडेनऊच्या सुमारास टेक्सासमधल्या लबक शहरात टोर्नेडो उतरला. तो विद्यापीठाच्या बाजूने शिरला, भरवस्तीतला व्यापारी भाग तुडवला आणि ईशान्येला विमानतळाकडे निघून गेला. वाट जेमतेम साडेतेरा किलोमीटरची, पण रुंदी काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक. २६ माणसे गेली आणि शहराचा सुमारे पाव भाग मोडला. ही वाट शिकागो विद्यापीठातले तेत्सुया फुजिता यांनी कागदावर उतरवली. १९४५ मध्ये नागासाकीत अणुबॉम्बने पाडलेली पडझड जवळून पाहिलेला हा जपानी शास्त्रज्ञ पडलेल्या वस्तूंवरून वाऱ्याचा माग काढण्यात तरबेज होता. विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीवरची पाहणी जुळवताना त्यांच्या लक्षात आले की मोठ्या भोवऱ्याच्या पोटात छोटे भोवरे फिरत होते आणि बहुतेक बळी या छोट्या भोवऱ्यांच्या अरुंद पट्ट्यांत गेले होते. एक घर भुईसपाट आणि शेजारचे उभे, हा दैवाचा खेळ वाटावा असा प्रकार त्यामुळे उलगडला. पुढच्याच वर्षी फुजितांनी टोर्नेडोची तीव्रता मोजायची आपली श्रेणी मांडली. लबकच्या वादळाला त्या श्रेणीत सर्वात वरची पायरी मिळाली.

नकाशा उत्तम होता, पण तो एका रात्रीचा होता. वादळाचा परिणाम पन्नास वर्षांच्या मापाने मोजायचा, तर फुजितांच्या रेघेखाली शहराच्या आणखी दोन रेघा काढाव्या लागतात: वादळाआधी कोणाला कुठे राहू दिले होते, आणि वादळानंतर पैसा कुठे गेला. माझे म्हणणे असे, की टिकाऊ परिणाम या दोन रेघांनी ठरवला. वाऱ्याने फक्त निमित्त दिले.

आधी उंच इमारतीकडे पाहू, कारण लबकचे नाव काढले की तिचीच छायाचित्रे समोर येतात. १९५५ मध्ये बांधलेली ‘ग्रेट प्लेन्स लाइफ’ ही वीस मजली इमारत टोर्नेडोच्या कडेत सापडली. तिचा पोलादी सांगाडा कायमचा पिळवटला, काही ठिकाणी जवळजवळ फूटभर. काचा फुटल्या, भिंतींचा गिलावा निखळला, लिफ्टचे रूळ वाकले. तरी ती पडली नाही. काही वर्षे रिकामी राहिली, पाडून टाकायच्या गोष्टी झाल्या, शेवटी दुरुस्त होऊन नव्या नावाने पुन्हा वापरात आली. आपल्या दारातच सापडलेला हा पुरावा टेक्सास टेक विद्यापीठातल्या स्थापत्य अभियंत्यांनी सोडला नाही. त्यांत मूळचे भारतीय असलेले किशोर मेहता होते, अर्न्स्ट कीसलिंग होते. कोणती भिंत, कोणते छप्पर, कोणता जोड किती वाऱ्याला सुटतो याचा हिशेब मांडल्यावर त्यांच्या लक्षात आले की टोर्नेडोच्या वाऱ्याला आजवर अवाच्या सवा वेग चिकटवला जात होता. घरे पडत होती ती पुष्कळदा छप्पर आणि भिंत यांचा सांधा कच्चा असल्यामुळे. हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला. वेग आवाक्याबाहेरचा असेल तर बांधकाम सुधारण्यात अर्थ नाही. आवाक्यातला असेल तर आहे. घरातच जमिनीच्या वर बांधायच्या भक्कम सुरक्षित खोलीची कल्पना याच विद्यापीठात आकाराला आली, आणि २००७ पासून अमेरिकेत वापरात असलेल्या सुधारित फुजिता श्रेणीमागेही इथलेच काम आहे. जुन्या श्रेणीत सर्वोच्च पायरी ताशी ४२० किलोमीटरच्या आसपास सुरू होत असे. नव्या श्रेणीत ती ३२० च्या थोडी पुढे सुरू होते. म्हणजे लबकच्या वादळाचा एक मोठा परिणाम लबकच्या हद्दीबाहेर, ओक्लाहोमा-अलाबामातल्या घरांत शोधावा लागतो. शहराच्या नकाशात तो मावत नाही.

शहराच्या आत मात्र चित्र वेगळे. व्यापारी भागाला लागून उत्तरेला ग्वादालूपे ही मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. कृष्णवर्णीयांनी पूर्वेकडच्या ठरावीक भागातच राहावे असा नियम नगरपालिकेने १९२३ मध्ये केला होता. मेक्सिकन कामगारांच्या वाट्याला रेल्वेमार्गाजवळचा पट्टा आला तो मुख्यतः गरिबीने आणि रिवाजाने. ग्वादालूपेतली हलकी लाकडी घरे वादळासमोर टिकणे शक्यच नव्हते. यावर साधा आक्षेप असा, की वारा जात विचारत नाही. त्याच वाटेवर श्रीमंतांची घरेही मोडली. खरे आहे. पण ज्याचा विमा आहे, ज्याचे घर स्वतःच्या नावावर आहे, त्याच्या लेखी वादळ हा एका वर्षाचा खर्च असतो. भाडेकरूच्या लेखी तो पत्ता बदलण्याचा हुकूम असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लबकचा मध्यभाग वादळ आले नसते तरी ओस पडला असता. शहर आधीपासूनच नैर्ऋत्येकडे सरकत होते, १९७२ मध्ये तिकडे साउथ प्लेन्स मॉल उघडला, आणि अमेरिकेतल्या बहुतेक मध्यम शहरांची त्या दशकातली कहाणी अशीच आहे. जनगणनाही याच बाजूने बोलते: १९७० मध्ये १,४९,१०१ असलेली लोकसंख्या १९८० मध्ये १,७३,९७९ झाली, त्याआधीच्या दशकापेक्षाही मोठी वाढ. या आकड्यांत वादळाचा ओरखडासुद्धा दिसत नाही. मला वाटते, या आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही, उलट नेमके होते. वादळाने शहराची दिशा बदलली नाही. जे वीस वर्षांत हळूहळू, रस्सीखेच करत झाले असते ते त्याने एका रात्रीत मोकळे करून दिले, आणि रस्सीखेचीला वेळच उरला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. मोडलेल्या भागातून मोकळ्या केलेल्या जमिनीवर १९७७ मध्ये मेमोरियल सिव्हिक सेंटर उभे राहिले. खडी काढून काढून उजाड झालेल्या यलो हाउस कॅन्यनमध्ये तळ्यांची माळ आणि उद्याने आखली गेली, आणि ती पूर्वेकडच्या वस्त्यांच्या वाट्यालाही आली, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

पण हे सारे ठरवले कोणी? त्या काळी लबकचे नगरसेवक सबंध शहराच्या एकत्र मतदानाने निवडले जात. अल्पसंख्य वस्त्यांनी एकगठ्ठा मते दिली तरी आपला माणूस निवडून आणणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणजे पुनर्बांधणीचा नकाशा आखला जात होता तेव्हा ज्यांच्या घरांवर तो पडत होता त्यांचे कोणीच त्या टेबलाशी नव्हते. याविरुद्धचा खटला केंद्रीय न्यायालयात गेला. ही पद्धत अल्पसंख्यांच्या मताची किंमत कमी करते असे १९८३ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि प्रभाग पाडायचा आदेश दिला. १९८४ च्या निवडणुकीत टी. जे. पॅटरसन हे पहिले कृष्णवर्णीय आणि मॅगी ट्रेहो या पहिल्या हिस्पॅनिक नगरसेवक म्हणून निवडून आल्या. तोवर सिव्हिक सेंटर उघडून सात वर्षे झाली होती, आणि ग्वादालूपेतून गेलेल्या कुटुंबांची मुले दुसऱ्याच वस्त्यांतल्या शाळांत शिकत होती.