मुलांची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या खात्यात जाऊ देऊ नका



कॉलेज प्रवेशानंतर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मुलं सेतू केंद्रात, नेट कॅफेत जातात. त्याआधी एक गोष्ट समजून घ्या.

आपण पासबुकाची झेरॉक्स देतो, म्हणून वाटतं पैसे त्याच खात्यात येणार. तसं नाही. डीबीटीचे पैसे आधार नंबर बघून जातात. एका आधारला एका वेळी एकच बँक डीबीटीसाठी जोडलेली असते. सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग झालं, तिथं रक्कम पडते. घोळ इथंच होतो. "झिरो बॅलन्स खातं काढून देतो" म्हणत कोणीतरी मुलाचा अंगठा घेतो, नवं खातं उघडतो आणि आधार तिकडं वळवतो. एटीएम कार्ड त्याच्याकडं, मोबाईल नंबरही त्याचाच. मुलगा मात्र सरकारनं पैसे दिले नाहीत म्हणत कॉलेजात चकरा मारतो.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी माय आधारच्या साइटवर मुलाच्या आधारने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथं बँकेचं नाव दिसतं. अनोळखी बँक दिसली तर स्वतःच्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म द्या. नुसतं "आधार लिंक आहे" यावर जाऊ नका. केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे डीबीटीचं सीडिंग झालं, असं होत नाही. तुमच्या पीएम किसानच्या हप्त्यालाही हेच लागू आहे, तेव्हा स्वतःचंही बघून घ्या.

फॉर्ममध्ये मोबाईल नंबर घरचाच टाका, केंद्रवाल्याचा नको. युजर आयडी, पासवर्ड वहीत लिहून घरी आणा. झेरॉक्सवर "फक्त शिष्यवृत्तीसाठी" आणि तारीख लिहा. अंगठ्याचं काम झालं की एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा.

यात संस्थाही सामील असतात. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत बोगस संस्था आणि बोगस विद्यार्थी दाखवून 144 कोटींहून जास्त रक्कम उचलल्याप्रकरणी सीबीआयनं 2023 मध्ये गुन्हा नोंदवला. तेव्हा तुमच्या पोराच्या नावावर त्यानं न भरलेला अर्ज दिसला, तर गप्प बसू नका. कॉलेजला आणि समाजकल्याण कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या.

व्हॉट्सॲपवर "शिष्यवृत्ती मंजूर" म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नका, ग्रुपवर पुढंही ढकलू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. आधारच्या तक्रारीसाठी नंबर 1947.