घरगुती कॅमेऱ्याची निवड

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं खिशांत मावणारा डिजिटल कॅमेरा ही मध्यमवर्गीय घरांतील नेहमींची वस्तु झाली होती. २०१० सालीं जपानी कारखानदारांनीं असे दहा कोटींहून अधिक कॅमेरे बाजारांत धाडले. २०२३ सालीं तीच संख्या सतरा लाखांच्या आसपास येऊन ठेपली. मधल्या काळांत तें काम फोननें उचललें, हें सांगणें नलगे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत तरुण मुलेंमुली या लहान कॅमेऱ्यांकडे पुन्हां वळूं लागलीं आहेत, आणि ‘घरासाठीं कोणता घ्यावा?’ हा प्रश्न पुन्हां कानीं येतो. दुकानदार त्याचें उत्तर मेगापिक्सेलच्या व झूमच्या आंकड्यांत देतो. आमच्या मतें तें घरांतील उजेडांत आणि गांवच्या हवेंत शोधिलें पाहिजे. गांवोगांवची हवा निराळी. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यांतील सावर्डे हें एकच गांव डोळ्यांपुढें ठेवून आम्ही ही निवड करूं इच्छितों.

चिपळुणाच्या दक्षिणेस मुंबई–गोवा महामार्गावर हें गांव आहे. येथें कोंकण रेल्वेचें स्टेशन आहे, डेरवणची शिवसृष्टि जवळ आहे, आणि सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमुळें चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा येथें राबता आहे. जुन्या कौलारू घराच्या पडवींत डोळे दिपविणारें ऊन असतें, आणि दोन उंबरे ओलांडून माजघरांत गेलें कीं भर दोनप्रहरीं दिवा लावावा लागतो. जूनपासून चार महिने पाऊस. शिमग्यांत पेटते होल्टे एकमेकांवर फेकण्याची येथील प्रथा प्रसिद्ध आहे. तेथें काळोख, ज्वाळा आणि धांवपळ हीं तिन्ही एकाच क्षणीं चित्रांत पकडावयाचीं असतात. पडवींतील उन्हांत कोणताही कॅमेरा सुरेख चित्र देतो. खरेदीची परीक्षा माजघरांत घ्यावी.

प्रथम मेगापिक्सेलचें भूत उतरवूं. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रांत अवघे दहा हजार ठिपके होते, आणि एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज आठ बाय दहा इंचांचा उत्तम छापील फोटो काढण्यास सुमारें ७२ लाख ठिपके पुरतात, आणि बाजारांतील साधा कॅमेराही एक कोटीहून अधिक देतो. तेव्हां बारा, सोळा कीं वीस मेगापिक्सेल, यावर घासाघीस करण्यांत अर्थ नाहीं.

खरा भेद आहे तो प्रकाश ज्या तुकड्यावर पडतो त्या सेन्सरच्या आकारांत. स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. ज्यास ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. (त्यांत इंच कोठेंच सांपडत नाहीं, जुन्या दूरचित्रवाणीच्या कॅमेरा-नळ्यांच्या मापावरून तें नांव चालत आलें आहे.) दोहोंच्या क्षेत्रफळांत चौपट अंतर आहे. सेन्सरच्या जोडीस भिंगाचें दार पाहावें. ‘एफ’पुढील आंकडा जितका लहान तितकें दार मोठें, आणि आंत येणारा प्रकाश त्या आंकड्याच्या वर्गाच्या हिशेबानें वाढतो. एफ/१.८ चें भिंग एफ/३.९ च्या भिंगाच्या सुमारें ४.७ पट प्रकाश घेतें. ज्या माजघरांत एकास सेकंदाचा आठवा भाग लागतो, तेथें दुसऱ्याचें काम चाळिसाव्या भागांत उरकतें. सेकंदाच्या आठव्या भागांत मांडीवरचें मूल मान वळवितें, आणि चित्रांत त्याचा चेहरा पुसट येतो.

आतां कांहीं प्रत्यक्ष कॅमेरे घेऊं. कोडॅक पिक्सप्रो एफझेड-५५ हा स्वस्तांतला. त्यावरील नांव जुन्या कोडॅकचें असलें तरी तें परवान्यानें घेतलेलें आहे. सेन्सर लहान, दार एफ/३.९ पासून पुढें. घरांत अलीकडच्या वर्षांतील बरा फोन असेल, तर केवळ चित्राच्या गुणासाठीं यावर पैसे घालूं नयेत. फोन अनेक क्षणचित्रें एकत्र करून अंधारांत याच्यापेक्षां चांगलें काम देतो. मुलाच्या हातीं द्यावयास मात्र तो वाईट नाहीं. २०२३ चा ओएम सिस्टिम टीजी-७ पंधरा मीटर पाण्याखालींही चालतो. भर पावसांत शेताच्या बांधावर उभें राहून लावणीचीं चित्रें घेणाऱ्यास तोच घ्यावा असें आम्ही सांगूं. सेन्सर लहान असल्यामुळें माजघरांत मात्र तो थिटा पडतो.

खरी चुरस एक इंची सेन्सरच्या दोन कॅमेऱ्यांत आहे. २०१८ चा पॅनासॉनिक टीझेड-२०० आणि २०१९ चा कॅनन जी-७ एक्स मार्क ३, दोन्ही वीस मेगापिक्सेलचे. पहिल्याचा झूम पंधरापट, दुसऱ्याचा सुमारें चारपट. दुकानांत पंधराचा आंकडा मोठा दिसतो. परंतु त्या पल्ल्यासाठीं भिंगानें प्रकाशाची किंमत मोजिली आहे: पहिल्याचें दार एफ/३.३ पासून आरंभ होऊन एफ/६.४ पर्यंत आकसतें, दुसऱ्याचें एफ/१.८ पासून एफ/२.८ पर्यंतच. ज्यास झाडावरील धनेश पाहावयाचा आहे त्यानें पॅनासॉनिक घ्यावा. घरांतील माणसें, देवघरांतील समई आणि होळीची रात्र ज्यास हवी, त्याच्यासाठीं आमचें मत निःसंशय कॅननच्या बाजूस आहे. तो महाग वाटल्यास २०१२ चा पहिला सोनी आरएक्स-१०० जुन्या बाजारांत पाहावा. त्याचाही सेन्सर एक इंची व दार एफ/१.८ पासूनच आहे. जुना घेतांना भिंग बाहेर काढवून त्यांत टॉर्चचा तिरपा उजेड पाडावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसल्यास सौदा तेथेंच सोडावा.

ते तंतु बुरशीचे असतात, आणि कोंकणांत कॅमेऱ्याचा तोच मोठा शत्रु. मोठ्या कॅमेऱ्याचें भिंग सुटें करून स्वच्छ करावयास धाडतां येतें. लहान कॅमेऱ्याचें भिंग अंगांतच बसविलेलें असल्यामुळें आंत बुरशी धरली कीं दुरुस्तीचा खर्च बहुधा कॅमेऱ्याच्या किंमतीस जाऊन भिडतो. चामड्याची पिशवी ओल धरून ठेविते, म्हणून ती शोभेपुरतीच. पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा, आणि दर आठपंधरा दिवसांनीं तो बाहेर काढून चालवावा. कपाटांत जपून ठेविलेला कॅमेरा कोंकणांत वापरांतल्यापेक्षां लवकर बिघडतो.

या सर्वांहून एक काम आम्हांस अधिक निकडीचें वाटतें. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें. १८६४ सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासही त्याची झळ लागली. २००५ च्या पुरानंतर दुसऱ्यांदां तीच पाळी आली. घरोघरच्या पेट्यांतील फोटोंची कथा निराळी नव्हती. भिजलेला फोटो शेजारच्या फोटोस चिकटला, तर सोडवितांना दोहोंवरील चेहरे जातात. सावर्ड्यांतील घर उंचावर असलें, तरी पेटीस ओल आणि वाळवी आहेच.

नवा कॅमेरा आल्यावर पहिल्या आठवड्यांतच जुन्या फोटोंच्या प्रती घ्याव्या. पडवींत, परंतु उन्हाबाहेर, फोटो सपाट ठेवावा. फ्लॅश बंद ठेवावा, नाहींतर जुन्या चकचकीत कागदावर पांढरा डाग उठतो. भिंग झूमच्या लांब टोंकाकडे न्यावें, म्हणजे कडा वांकड्या येत नाहींत. फोनच्या रुंद भिंगानें जवळून घेतलेल्या प्रतींत हाच दोष राहतो. कॅमेरा स्टुलावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. फोटोच्या पाठीवरील मजकुराचेंही चित्र घ्यावें. पाठ कोरी असल्यास आजीस जवळ बसवून ती सांगेल तीं नांवें वहींत लिहून घ्यावीं. सर्व चित्रांची एक प्रत गांवाबाहेर, पुण्यामुंबईच्या नातलगाकडे असूं द्यावी. आणि वही मिटण्यापूर्वीं, आजी तेथेंच बसली आहे तोंवर, दार पूर्ण उघडून तिचाही एक फोटो घ्यावा.